डांबराची गोळी: कपाटातला वास आणि कारखान्यातले नॅप्थलीन

निवृत्त_शिफ्टवाला (धागालेखक)

गेल्या आठवड्यात माळ्यावरची लोखंडी ट्रंक उघडली आणि क्षणात सगळ्या खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास पसरला. गोळ्या मात्र जवळपास संपलेल्या होत्या. पुरचुंडीत हरभऱ्याच्या डाळीएवढे दोन-तीन कपचे तेवढे उरले होते. नातवाने विचारले, "आजोबा, गोळ्या डांबराच्या, तर मग पांढऱ्या कशा?" प्रश्न रास्त होता. रंगद्रव्यांची मध्यवर्ती रसायने करणाऱ्या एका कारखान्यात मी उणीपुरी तीस वर्षे याच पदार्थाच्या संगतीत काढली, त्यामुळे त्याला दिलेले उत्तर जरा लांबले. ते इथे सविस्तर मांडतो.

दगडी कोळसा हवेशिवाय तापवला की पोलादासाठी लागणारा कोक मिळतो आणि सोबत काळे, दाट डांबर निघते. रस्त्यावर पडते ते डांबर खनिज तेलातून येते, ते वेगळे. कोळशाच्या डांबराचा सुमारे दहावा हिस्सा नॅप्थलीनचा असतो. डांबराचे ऊर्ध्वपातन करताना २१८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळणारा जो भाग बाजूला काढतात, तो थंड केला की त्यातून याचे स्फटिक पडतात, आणि ते दाबून तेल काढून टाकले की मळकट पांढरा माल हाती येतो. भिलाई, राउरकेला, बोकारो यांसारख्या पोलाद कारखान्यांतून निघणाऱ्या या मालाला बाजारात 'हॉट प्रेस्ड' नॅप्थलीन म्हणतात. गोळ्यांसाठी तो आणखी शुद्ध करावा लागतो. नाव डांबराचे, रंग पांढरा, याचे कारण एवढेच.

रेणू दहा कार्बन आणि आठ हायड्रोजन अणूंचा. बेंझिनची दोन षट्कोनी वलये एक बाजू सामायिक ठेवून शेजारी जोडावीत, तशी त्याची घडण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस हा पदार्थ डांबरात सापडला, १८२१ मध्ये जॉन किड याने त्याला नाव दिले, १८२६ मध्ये मायकेल फॅरडेने त्यातील मूलद्रव्यांचे प्रमाण ठरवले आणि दोन वलयांची कल्पना १८६६ मध्ये एर्लेनमायरने मांडली. द्रवणांक ८० अंशांच्या किंचित वर. पाण्यात जवळजवळ न विरघळणारा: लिटरभर पाण्यात जेमतेम ३० मिलिग्रॅम. पेटवला तर काजळी धरत जळतो, कारण रेणूत हायड्रोजनच्या मानाने कार्बन फार.

त्याचा सर्वांत परिचित गुणधर्म संप्लवन, म्हणजे वितळण्याआधीच थेट वायुरूप होणे. कपाटात हाच गुण आपल्या उपयोगी पडतो आणि कारखान्यात हाच जीव खातो. वितळलेले नॅप्थलीन ज्या नळातून जाते, त्याला बाहेरून वाफेचे वेष्टण नसेल तर तासाभरात नळ दगडासारखा जाम होतो. त्याहून फसवी गोष्ट टाकीच्या व्हेंटची, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याच्या नळीची. टाकीतली वाफ व्हेंटच्या थंड तोंडाशी येते आणि तिथे अभ्रकासारख्या चकचकीत पापुद्र्यांचा थर धरत जाते. आमच्याकडे एका थंडीत असाच व्हेंट बंद झाला, पंपाने टाकीतून द्रव ओढला, आत हवा शिरायला वाट उरली नव्हती, आणि सकाळच्या पाळीला आम्ही पाहिले तर टाकीचा माथा रिकाम्या डब्यासारखा आत चेपलेला. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. कोळशाच्या गॅसवर दिवे जळत त्या काळी जमिनीखालच्या नळांतही थंडीत हेच होई. नॅप्थलीन साचून गॅसचा पुरवठा तुटत असे.

पण उद्योगांनी या पदार्थाला जवळ केले ते वासासाठीही नाही आणि उडून जाण्यासाठीही नाही. त्या दोन वलयांवर दुसरा अणुगट नेमका कुठे बसवायचा, हे ठरवता येते, म्हणून केले. त्याबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो, कारण तो या पदार्थाचा गाभा आहे आणि घाईत उरकण्यासारखा नाही.

चौथे_बाकडे

उत्तम धागा. मी शाळेत विज्ञान शिकवत असे. आम्ही मुलांकडून नॅप्थलीनचा शीतलन आलेख काढून घेत असू. परीक्षानळीत ते वितळवायचे, तापमापी बुडवायचा आणि दर अर्ध्या मिनिटाला आकडा लिहायचा. नव्वदपासून पारा भराभर उतरतो, ऐंशीजवळ येतो आणि थबकतो. नळीच्या काचेलगत पांढरे धागे फुटू लागतात, ते आत सरकत जातात, आणि तेवढा सगळा वेळ आकडा हलत नाही. मुले हटकून म्हणत, "बाई, तापमापी बिघडला." अप्रकट उष्णतेची व्याख्या फळ्यावर कितीदा लिहिली असेल, पण ती समजल्याची खूण मला त्या वाक्यात दिसे. आता बऱ्याच शाळांत या प्रयोगासाठी स्टिअरिक आम्ल किंवा मेण वापरतात, आणि बंद वर्गातली वाफ लक्षात घेता तो बदल योग्यच आहे.

अल्फा आणि बीटा स्थानांबद्दल जरूर लिहा. महाविद्यालयात आम्ही ते पाठ केले, पण त्याचा उपयोग कुठे होतो हे कोणी सांगितले नाही.

निवृत्त_शिफ्टवाला (धागालेखक)

धन्यवाद, बाई. तेच लिहायला बसलो आहे.

नॅप्थलीनमध्ये हायड्रोजन बदलून दुसरा गट बसवण्याजोग्या जागा दोनच प्रकारच्या. दोन वलयांच्या सांध्याला लागून असलेली ती अल्फा, आणि तिच्या पलीकडची, बाहेरच्या अंगाची ती बीटा. अल्फा जागा चपळ आहे. तिथे प्रक्रिया लवकर होते. पण तिथे बसलेला गट मोठा असला तर शेजारच्या वलयावरचा हायड्रोजन त्याला कोपराने ढोसत राहतो. बीटा जागी पोचायला वेळ लागतो, मात्र तिथे ऐसपैस बसता येते. आता या पदार्थावर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घाला. ८० अंशांच्या आत ठेवलेत तर बहुतेक माल अल्फा सल्फोनिक आम्लाचा होतो. तोच १६० अंशांवर काही तास ठेवलात तर अल्फा जागी बसलेले गट सुटून येतात, पुन्हा बसतात, आणि अखेरीस बहुतेक सगळे बीटा जागी स्थिरावतात. सामग्री तीच, आम्ल तेच. बदलते ते रिॲक्टरभोवतीच्या वेष्टणातल्या (जॅकेटमधल्या) वाफेचे दडपण आणि घड्याळ. लोकलच्या डब्यात दाराशी चटकन उभे राहायला मिळते, पण गर्दी हलत राहिली तर शेवटी माणूस आतल्या बाकावर जाऊन टेकतो, तसेच हे.

शिफ्टला याचा अर्थ फार रोखठोक असे. बीटाची बॅच चालू असताना तापमान १४० वर रेंगाळले, तर पुढे बीटा नॅप्थॉलमध्ये भेसळ उतरणार. म्हणून शेवटी रिॲक्टरमध्ये थेट वाफ सोडत. चुकार अल्फा आम्ल त्या वाफेने फुटून पुन्हा नॅप्थलीन होते आणि वाफेबरोबर बाहेर पडते. बीटा आम्ल जागचे हलत नाही. बाहेर पडलेले नॅप्थलीन पकडून पुढच्या बॅचला घालायचे. त्यानंतर कॉस्टिक सोड्याबरोबर ३०० अंशांच्या आसपास वितळवून बीटा नॅप्थॉल करायचा. त्या केटलपाशी काम केलेल्या माणसाला उन्हाळ्याचे अप्रूप उरत नाही.

बीटा नॅप्थॉलपासून पुढे कापडाचे नारिंगी-लाल रंग, छपाईच्या शाईतली तांबडी रंगद्रव्ये असा मोठा वंशविस्तार आहे. नॅप्थलीनवर सल्फोनिक, नायट्रो आणि अमिनो गट ठरल्या जागी बसवत नेले की एच-आम्ल मिळते. सुती कापडावरच्या रिॲक्टिव्ह काळ्या रंगाचा कणा तेच आहे. एक गंमत सांगण्यासारखी आहे. बीटा नॅप्थॉलला मिथिल गट जोडला की जे बनते त्याला अत्तरांच्या बाजारात 'यारा यारा' म्हणतात. त्याला नारिंगाच्या फुलासारखा गोड वास असतो आणि ते साबणात आणि सुगंधी मालात जाते. वेदनाशामक नॅप्रॉक्सेनही याच संयुगापासून करता येते, तर रक्तदाबाचे प्रोप्रॅनोलॉल अल्फा नॅप्थॉलपासून होते.

अल्फा नॅप्थॉलचे नाव घेतले की भोपाळ आठवल्याशिवाय राहत नाही. तिथल्या कारखान्यात मिथिल आयसोसायनेट आणि अल्फा नॅप्थॉल यांच्या संयोगाने कार्बारिल हे कीटकनाशक करत. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री जे सुटले ते मिथिल आयसोसायनेट; नॅप्थॉलचा त्यात दोष नव्हता. परंतु नॅप्थॉलची आधी फॉस्जीनशी आणि मग मिथिल अमाइनशी प्रक्रिया करूनही कार्बारिल करता येते. त्या वाटेत मिथिल आयसोसायनेट कुठेच येत नाही, त्याचा साठा करण्याचा तर प्रश्नच नाही. फॉस्जीनही भयंकर विषारी आहे, हे मान्य. तरीही कोणत्या क्रमाने काय मिसळायचे हा निर्णय किती दूरवर जातो, हे मला त्या उदाहरणात सर्वांत जास्त जाणवते.

काँक्रीटगाडी

काका, आमच्या धंद्यातले नॅप्थलीन आपण विसरलात! मी रेडीमिक्स काँक्रीटच्या प्लांटवर गुणवत्ता पाहतो. आमच्याकडे पिंपांतून जो गडद तपकिरी द्रव येतो, त्याला कागदावर 'सल्फोनेटेड नॅप्थलीन फॉर्माल्डिहाइड' म्हणतात आणि प्लांटवर नुसते 'ॲडमिक्स्चर'. आपण सांगितलेले बीटा सल्फोनिक आम्ल फॉर्माल्डिहाइडने एकमेकांना जोडून साखळ्या करायच्या आणि कॉस्टिकने उदासीन करायचे, की हे तयार. जपानमध्ये १९६० च्या दशकात केनिची हातोरी यांनी ते काँक्रीटसाठी पुढे आणले.

सिमेंटला रासायनिक प्रक्रियेसाठी त्याच्या वजनाच्या साधारण पाव भाग पाणी पुरते. पण एवढ्याशा पाण्यात काँक्रीट कालवले तर ते ओल्या वाळूसारखे राहते, साच्यात उतरतच नाही. म्हणून साइटवरचा मुकादम पाणी वाढवतो, आणि ते जास्तीचे पाणी पुढे उडून जाऊन मागे पोकळ्या ठेवते. आमचा द्रव सिमेंटच्या कणांवर चिकटतो, प्रत्येक कणाला ऋण विद्युतभार देतो आणि कण एकमेकांना दूर लोटतात. गुठळ्यांत अडकलेले पाणी मोकळे होते. सिमेंटच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास मात्रेत पाणी पाचव्या हिश्शाने सहज कमी करता येते. ३०० मिलिमीटर उंचीच्या शंकूत भरलेले काँक्रीट शंकू उचलल्यावर किती खचते, ते आम्ही मोजतो. द्रव घालण्यापूर्वी आणि नंतरचा फरक पाहिला तर तोच माल आहे यावर नवख्याचा विश्वास बसत नाही.

त्याचा दोषही सांगायला हवा. ही किमया तासाभरात ओसरू लागते, उन्हाळ्यात त्याहून लवकर. मे महिन्यात गाडी वाहतुकीत अडकली की ड्रायव्हर फोनवर "माल घट्ट होतोय" म्हणून ओरडू लागतो. त्यामुळे मंदक, म्हणजे घट्ट होणे लांबवणारा पदार्थ, मिसळावा लागतो. आता मोठ्या कामांवर पॉलिकार्बॉक्सिलेट वर्गाच्या द्रवांनी त्याची जागा बरीच घेतली आहे, तरी स्वस्त आणि कमी लहरी म्हणून मध्यम कामांवर नॅप्थलीनवाला अजून टिकून आहे. आमच्या खडीतल्या मातीला नवा द्रव फार नाजूक निघतो; जुना निमूटपणे चालवून घेतो.

पानगळ

मी रसायनशास्त्राची नाही, इतिहासाची विद्यार्थिनी आहे, पण या पदार्थाने आपल्या देशाच्या इतिहासाला दिलेला धक्का नोंदवल्याशिवाय धागा अपुरा राहील. अडॉल्फ फॉन बायर यांनी निळीच्या रेणूची रचना १८८३ मध्ये निश्चित केली, तरी परवडणारी कृत्रिम नीळ बाजारात यायला १८९७ उजाडले. ती आणली जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीने, आणि तिचा कच्चा माल नॅप्थलीन होता. नॅप्थलीनचे थॅलिक ॲनहायड्राइड करणे हा पहिला टप्पाच महाग पडत होता. ऑइगेन झापर नावाच्या रसायनज्ञाच्या हातून प्रयोगात तापमापी फुटला, पारा मिश्रणात सांडला, आणि रेंगाळणारी प्रक्रिया एकदम वेगाने होऊ लागली, असे सांगतात. पारा उत्प्रेरक ठरला.

त्यानंतर बिहारमधली नीळ जागतिक बाजारात टिकली नाही. तोटा मात्र मळेवाल्यांनी सोसला नाही. चंपारणमध्ये तिनकाठिया पद्धतीने, म्हणजे वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यामागे तीन कठ्ठे जमिनीत, रयतेला नीळ लावण्याची सक्ती होती. निळीला भाव उरला नाही तेव्हा त्या सक्तीतून मोकळीक देण्याच्या बदल्यात मळेवाल्यांनी कुळांकडून वाढीव खंड घेतला; त्याला शरहबेशी म्हणत. कुठे एकरकमी भरपाई उकळली, ती तावान. १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला गेले आणि त्यांनी हजारो कुळांचे जबाब नोंदवून घेतले, त्या तक्रारींत हे दोन शब्द पुन्हा पुन्हा येतात. पुढच्या वर्षी कायदा होऊन तिनकाठिया रद्द झाली. मळेवाल्याचा जुलूम हे मुख्य कारण खरेच, पण त्या जुलमाने त्या वर्षांत जे रूप घेतले, ते जर्मनीतल्या त्या प्रक्रियेविना समजत नाही.

निवृत्त_शिफ्टवाला (धागालेखक)

पानगळ, आपल्या प्रतिसादाने धाग्याची उंची वाढली. थॅलिक ॲनहायड्राइडची पुढची गोष्ट मी जोडतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पाऱ्याची जागा व्हॅनेडियम पेंटॉक्साइडने घेतली. नॅप्थलीनची वाफ भरपूर हवेत मिसळून या उत्प्रेरकावरून नेली की एक वलय फुटते, दोन कार्बन अणू कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात आणि उरलेल्या आठांचे थॅलिक ॲनहायड्राइड होते. घरांना लावायचे ऑइल पेंट आणि मऊ पीव्हीसी यांना ते लागते. दोन कार्बन जाळून टाकावे लागतात, ही गोष्ट हिशेब ठेवणाऱ्याला खुपणारच. ऑर्थो-झायलीनमध्ये कार्बन मुळातच आठ असतात, म्हणून खनिज तेलातून तो मुबलक मिळू लागल्यावर बहुतेक कारखाने तिकडे वळले. आपल्या तळोज्याचा मोठा प्रकल्पही ऑर्थो-झायलीनवरच चालतो. कोळसा आणि पोलाद मुबलक असलेल्या प्रदेशांत मात्र नॅप्थलीनची वाट अजून मोडलेली नाही.

काँक्रीटगाडी, आपले म्हणणे मान्य. आमच्याच बीटा आम्लाची एवढी मोठी शाखा मी गाळली, याला रंगवाल्याचा अहंकार म्हणा.

सांजवेळ

इतक्या विद्वान चर्चेत माझा घरगुती प्रश्न विचारायला संकोच वाटतो. दोन वर्षांपूर्वी आईची पैठणी एका पेटीत ठेवली आणि मलमलच्या फडक्यात गोळ्या बांधून टाकल्या. काही आधीच्या शिल्लक होत्या, काही नव्या आणल्या. या मे महिन्यात पेटी उघडली तर फडके ओले, तेलकट झालेले होते आणि पदराच्या अस्तरावर पसरट डाग होता. नॅप्थलीन ८० अंशांना वितळते असे आपण लिहिले आहे. आमची खोली कितीही तापली तरी चाळिशीच्या पुढे जात नाही. मग गोळ्या वितळल्या कशा? दुसरे असे, की घरात आता तान्हे बाळ आहे आणि त्याची झबली जुन्या कपड्यांतच ठेवलेली आहेत.

बालरोग_ओपीडी

ताई, डागाचे उत्तर काका देतील. झबल्यांचे मी देतो, आणि ते आधी वाचावे. गोळ्यांत ठेवलेले कपडे किंवा दुपटी बाळाला तशीच घालू नयेत. काही मुलांच्या रक्तपेशींत जी६पीडी नावाचे विकर जन्मतः कमी असते. पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत हे प्रमाण अधिक आढळते, पण ते कोणातही असू शकते आणि बहुधा आई-वडिलांना ठाऊक नसते. अशा बाळाच्या शरीरात नॅप्थलीन गेले की तांबड्या पेशी फुटू लागतात आणि कावीळ झपाट्याने चढते. तान्ह्या बाळाची कातडी पातळ असते, आणि तेल चोळलेल्या अंगातून ते अधिक शोषले जाते. आपल्याकडे बाळाला तेल लावूनच झबले चढवतात, हे लक्षात घ्यावे. कपडे धुऊन, दोन-तीन दिवस उन्हावाऱ्यात टाकून, वास पूर्ण गेल्यावरच वापरावेत.

रांगत्या मुलाने गोळी गिळली तर घरी उलटी करवू नये, दूध किंवा तूप पाजू नये, कारण स्निग्ध पदार्थात ती लवकर विरघळते. लगेच रुग्णालय गाठावे आणि गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे. लघवी चहासारखी गडद होणे ही धोक्याची खूण एक-दोन दिवसांनीही दिसू शकते, म्हणून "आता बरा आहे" यावर विसंबू नये. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये नॅप्थलीनला 'मानवात कर्करोगास कारण ठरण्याची शक्यता' या गटात ठेवले आहे आणि युरोपीय संघात कपड्यांच्या गोळ्यांसाठी ते बंद आहे.

निवृत्त_शिफ्टवाला (धागालेखक)

डॉक्टरांनी लिहिले ते ठळक अक्षरांत वाचावे.

ताई, आपल्या डागाबद्दल मला एक दाट शंका आहे. बाजारात 'डांबर गोळ्या' म्हणून दोन वेगळे पदार्थ विकले जातात. एक नॅप्थलीन, दुसरा पॅराडायक्लोरोबेंझीन, ज्याचा द्रवणांक ५३ अंश आहे. दोन्ही पांढरे, दोन्ही उग्र. वेगवेगळे ठेवले तर आपल्या उन्हाळ्यात दोन्ही घट्ट राहतात. मात्र एकत्र ठेवले तर एकाची वाफ दुसऱ्यात मुरते, मिश्रणाचा द्रवणांक तिशीपर्यंत उतरतो आणि पुरचुंडीत तेल झाल्यासारखे दिसते. मिठाने बर्फ वितळतो, त्याच जातीचा हा प्रकार.

तपासायची रीत सोपी आहे. गोळीला हातमोजा घालून स्पर्श करावा. एका पेल्यात साधे पाणी घ्यावे आणि दुसऱ्यात २०० मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळेल तितके, साधारण ७० ग्रॅम, मीठ घालून थंड होऊ द्यावे. नॅप्थलीन साध्या पाण्यात बुडते, पण मिठाच्या त्या दाट पाण्यात तरंगते. पॅराडायक्लोरोबेंझीन दोन्हींत तळ गाठते. कापूर साध्या पाण्यावरही तरंगतो. गोळीला चिकटलेले हवेचे बुडबुडे चमच्याने झटकावेत, नाहीतर फसगत होते. पेले पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत.

पैठणीची जर गोळ्यांमुळे काळी पडते असे पुष्कळदा ऐकू येते. शुद्ध नॅप्थलीनची चांदीशी प्रक्रिया होत नाही. चांदी काळवंडते ती हवेतल्या गंधकयुक्त वायूंनी. तरी गोळी जरीला टेकू देऊ नये, कारण वर पाहिले तसे, गोळी काय आहे हेच आपल्याला नक्की माहीत नसते.

सांजवेळ

काका, आज दुपारी गॅलरीत बसून प्रयोग केला. फडक्यातल्या उरलेल्या तेलकट गोळ्या बाद केल्या आणि दोन्ही पाकिटांतल्या कोरड्या गोळ्या घेतल्या. जुन्या पाकिटातली मिठाच्या पाण्यात खाली जाऊन सावकाश वर आली. नव्या पाकिटातली दोन्ही पेल्यांत तळाशी गेली, आणि चमच्याने दोनदा ढोसूनही उठली नाही. दोन्ही पाकिटांवर मोठ्या अक्षरांत 'डांबर गोळ्या' असेच छापलेले आहे. नव्याच्या मागच्या बाजूला, शिवणीत दबलेल्या बारीक अक्षरांत, दुसऱ्या पदार्थाचे नाव सापडले. झबली भिजत घातली आहेत.

निवृत्त_शिफ्टवाला (धागालेखक)

शंका खरी ठरली. अस्तर उसवून वेगळे करावे आणि पैठणी घरी न धुता कोरड्या धुलाईला द्यावी. देताना डाग कशाचा आहे ते दोन्ही नावांनिशी सांगावे, म्हणजे त्यांना योग्य द्रावक निवडता येईल.